डोंगरमाथ्यावरचा सोन्याचा थेंब

गोव्याच्या इतिहासात मार्तिम अफोन्सो द सौझा हे नाव ठळकपणे येतं ते १५४२ साली. पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर म्हणून तो त्या वर्षी गोव्यात उतरला, आणि फ्रान्सिस झेवियर आला तोही त्याच्याच जहाजातून. त्याच्या आठ वर्षं आधी, १५३४ मध्ये, तो पहिल्यांदा हिंदुस्थानाकडे निघाला तेव्हा त्याच्याबरोबर गार्सिया द ऑर्ता हा वैद्य होता. हा वैद्य पुढे गोव्यातच राहिला आणि इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने ग्रंथ लिहिला. आपल्याकडे सौझाची ओळख साधारण इथे संपते. ब्राझीलमध्ये मात्र ती याआधीच सुरू होते. १५३२ साली त्याने ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यावर साओ व्हिसेंत ही वसाहत वसवली, तिच्याभोवती ऊस लावला आणि दोनच वर्षांत तिथे उसाचा घाणा सुरू झाला.

त्या उसाच्या फडामागे डोंगराची भिंत उभी होती. तिचं नाव सेरा दो मार. कोकणातून सह्याद्रीकडे मान वर करून पाहणाऱ्याला तिचं वर्णन वेगळं करून सांगायला नको: खाली दमट किनारपट्टी, मग एकदम आठशे मीटर अंगावर येणारा कडा, वर पठार, आणि समुद्रावरून आलेले ढग त्या कड्यावर आपटून पडणारा पाऊस. या डोंगरावरचं आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं जंगल ‘अटलांटिक जंगला’चा भाग होतं. युरोपीय आले तेव्हा ते सुमारे तेरा लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं होतं. आज त्यातलं सलग, जुनं म्हणावं असं जेमतेम १२ टक्के उरलं आहे. जे उरलं, त्यातलं बरंचसं या कड्याला धरून आहे. त्याचं श्रेय कुठल्या राजाला किंवा सरकारला देण्याआधी कड्याच्या चढाला द्यायला हवं. तिथे नांगर चालत नव्हता.

याच जंगलाच्या पाचोळ्यात ब्राचिसेफालस नावाचे बेडूक राहतात. स्थानिक लोक त्यातल्या सोनेरी बेडकाला ‘सोन्याचा थेंब’ म्हणतात. पूर्ण वाढलेला बेडूक एक ते दोन सेंटिमीटरचा. रंग पिकल्या भोपळ्याचा, कुठे लिंबासारखा पिवळा, कुठे लालभडक. तो दिवसाढवळ्या, ओल्या पानांवरून, पाय उचलून सावकाश चालतो. लपत नाही, कारण त्याच्या कातडीत विष आहे. काही जातींत तर पफर माशात सापडणारं टेट्रोडोटॉक्सिन आढळलं आहे. उडी मारायची वेळ आली तर मात्र त्याची फजिती होते. हवेत अंग भलतीकडे फिरतं आणि तो पाठीवर किंवा डोक्यावर आपटतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचं कारण सांगितलं: तोल सांभाळणाऱ्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका या बेडकात इतक्या बारीक आहेत की त्यांतला द्रव पुरेसा वेगाने हलतच नाही.

त्याच्या इतिहासाशी जास्त संबंध आहे तो त्याच्या अंड्यांचा. मादी ओलसर जमिनीवर मोजकी, पण अंगाच्या मानाने मोठी अंडी घालते आणि मागच्या पायांनी घोळवून त्यांना मातीचा थर चढवते. अंडं मातीच्या ढेकळासारखं दिसू लागतं आणि ओलही टिकते. आतून थेट छोटा बेडूक बाहेर येतो. टॅडपोल नाही, डबकं नाही, ओढा नाही. म्हणजे पाण्याबरोबर वाहत पुढच्या खोऱ्यात जाण्याचा जो मार्ग इतर बेडकांना असतो तो याला नाही. दक्षिणेकडच्या बऱ्याच जातींना थंड, धुक्यातला पाचोळाच लागतो. शेजारच्या शिखरावर जायचं तर मधली उबदार दरी ओलांडावी लागेल, आणि ती त्यांच्याने ओलांडवत नाही. हजारो वर्षांच्या हवामानबदलात ढगांचं जंगल वरवर सरकत गेलं, बेडूक त्याच्याबरोबर माथ्यांवर चढले आणि तिथेच अडकले. पराना आणि सांता कातारिना या राज्यांत एका डोंगराची एक जात, पलीकडच्या डोंगराची दुसरी, अशी स्थिती त्यातूनच झाली.

शास्त्राच्या वहीत त्याची पहिली नोंद एका लग्नामुळे झाली. १८१७ साली ऑस्ट्रियाची राजकन्या लेओपोल्दिना पोर्तुगीज युवराज पेद्रोशी विवाह करून ब्राझीलला निघाली, तेव्हा तिच्या लवाजम्याच्या निमित्ताने योहान बाप्टिस्ट फॉन स्पिक्स हा बव्हेरियाचा प्राणिशास्त्रज्ञ आणि मार्टियुस हा वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे पोचले. तीन वर्षं ते ब्राझील पालथा घालत होते. स्पिक्सने १८२४ मध्ये ब्राझीलच्या बेडकांवर ग्रंथ काढला. पाठीवर खोगिरासारखी हाडाची चकती असलेला पिवळा बेडूक त्यात आहे. ब्राझीलमध्ये जडलेल्या आजाराने स्पिक्स दोनच वर्षांनी गेला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं जगाला या कुळातला एवढा एकच बेडूक ठाऊक होता.

त्या शंभर वर्षांत जंगलाचं काय झालं, हे रिओ शहराच्या डोक्यावरच्या तिजुका डोंगरावर नीट दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या उतारांवर कॉफीचे मळे चढले. झाडं गेली, झरे आटले आणि खालच्या राजधानीला पाण्याची टंचाई जाणवू लागली. शेवटी सम्राट पेद्रो दुसरा याच्या सरकारने १८६१ मध्ये हुकूम काढून तो डोंगर पुन्हा जंगलाखाली आणायचं ठरवलं. काम मेजर मानुएल गोमेस आर्चर यांच्याकडे आलं आणि इतिहासात नाव त्यांचंच झालं. खड्डे खणले, वरच्या जंगलांतून रोपं आणली आणि लावली ती गुलामांनी. सुरुवातीला ते सहा जण होते: एलेउतेरिओ, कोन्स्तांतिनो, मानुएल, मातेउस, लेओपोल्दो आणि मारिया. तिजुकावर लिहिताना ही सहा नावं आर्चर यांच्या आधी लिहिली पाहिजेत. १८७४ पर्यंत लाखाच्या आसपास रोपं लागली. आज रिओच्या मधोमध जे दाट जंगल दिसतं त्याचा पाया हा आहे.

तिजुकाला राजधानीच्या तहानेने वाचवलं. पराइबा नदीच्या खोऱ्याला कोणी वाली नव्हता. तिथे टेकड्यांवर उभ्या ओळींत कॉफी लावली, पावसाने माती धुपली, जमीन थकली की मळेवाले पुढचं जंगल जाळायचे. १८८८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा त्या खोऱ्यातली कॉफीही संपत आलेली होती, आणि मागे उरलं होतं उघडं कुरण.

कॉफी बंदरावर न्यायला कडा उतरणं भाग होतं. १८६७ मध्ये सांतोस बंदर आणि जुंदियाई यांच्यामध्ये रेल्वे सुरू झाली. कड्याच्या टप्प्यात डबे जाड तारदोरांनी ओढून वर घेत. दक्षिणेला पराना राज्यात परानाग्वा ते कुरितिबा हा मार्ग १८८५ मध्ये खुला झाला, बोगद्यांतून आणि खोल दऱ्यांवरच्या पुलांवरून जाणारा. हा मार्ग मारुंबी डोंगराच्या कुशीतून जातो. १८७९ साली जोआकिम ओलिंपिओ द मिरांदा आपल्या साथीदारांसह मारुंबीवर चढला होता, आणि ब्राझीलमधल्या गिर्यारोहणाची सुरुवात त्या चढाईपासून धरतात. रेल्वे आल्यावर कुरितिबाच्या गिर्यारोहकांना हे माथे जवळचे झाले. चढाईच्या पायवाटा पडल्या, आणि पुढे बेडूक शोधणारे याच माथ्यांवर चढले. कुरितिबाजवळच्या आन्यांगाव्हा या कातळारोहकांच्या आवडत्या डोंगरावरून १९९८ मध्ये एक नवी जात नोंदली गेली. २००६ मध्ये मारुंबीची स्वतःची जात मिळाली.

त्याआधी कड्याने आपला सर्वांत वाईट काळ पाहून घेतला होता. सांतोसजवळ, कड्याच्या पायथ्याच्या कुबातांव गावात १९५५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. मग पोलाद आलं, खतं आली, रसायनं आली. डोंगराने अडवलेली हवा धूर बाहेर जाऊ देईना. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला उतारावरची झाडं उभ्या उभ्या वाळली, मुळांनी माती सोडली आणि १९८५ मध्ये दरडी कोसळल्या. मग धुरावर नियंत्रण आलं, आणि उतारावर चढून रोपं लावणं अशक्य असल्याने जेलीत गुंडाळलेलं बी हवेतून टाकावं लागलं. साओ पावलो राज्याने १९७७ मध्येच कड्यावरचं तीन लाख हेक्टरहून अधिक जंगल उद्यान म्हणून राखीव केलं होतं. त्या उद्यानाच्या उंबरठ्यावर हे घडलं. १९८८ च्या राज्यघटनेत अटलांटिक जंगल आणि सेरा दो मार या दोघांना राष्ट्राचा वारसा म्हणून स्थान मिळालं. अटलांटिक जंगलाचा स्वतंत्र कायदा व्हायला मात्र २००६ उजाडलं.

बेडकांच्या शोधाला वेग आला तो नेमका याच काळात. २०१५ मध्ये तर दक्षिणेकडच्या माथ्यांवरून सात नव्या जाती एकाच शोधनिबंधात आल्या. स्पिक्सच्या एका बेडकाच्या आज चाळीसहून अधिक जाती झाल्या आहेत. आश्चर्यंही बरीच निघाली. २०१७ मध्ये कळलं की यातल्या दोन जातींना स्वतःचीच साद ऐकू येत नाही. २०१९ मध्ये अतिनील प्रकाशात त्यांच्या पातळ कातडीखालची हाडं निळसर चमकताना दिसली. बाइआ राज्यातल्या ‘पिसू’ म्हणून नाव दिलेल्या जातीचा एक नर २०२४ मध्ये मोजला तेव्हा ६.४५ मिलिमीटर भरला. आजवर मोजलेला हा सर्वांत लहान कणाधारी प्राणी.

शोध अजून चालू आहेत, पण माथे सगळे राखीव नाहीत. सांता कातारिनामधल्या किरिरी डोंगररांगेवरून २०२५ मध्ये एका नारिंगी बेडकाची नोंद झाली आणि त्याला राष्ट्राध्यक्ष लुला यांचं नाव दिलं गेलं. अटलांटिक जंगलाच्या रक्षणाकडे सरकारचं लक्ष जावं, हा त्यामागचा उघड हेतू. किरिरीच्या माथ्यावर गवताळ कुरणं आहेत. तिथे गुरं चरतात, गवत जाळलं जातं, बाहेरून आणलेल्या पाइनचं बी वाऱ्याने पसरतं, आणि बेडकांचं जंगल या कुरणांच्या काठाला लागून आहे. काही जातींचं सगळं घर एका माथ्यावर मावतं, तेव्हा एका वणव्यात जातच्या जात जाऊ शकते. म्हणून संशोधकांनी तिथे वन्यजीवांसाठी राखीव क्षेत्र मागितलं आहे, आणि तेही जमीनमालकांकडून जमीन न घेता करता येईल असं. उसापासून कॉफीपर्यंत या किनाऱ्यावर जमिनीची प्रत्येक वाटणी जंगल तोडण्यासाठी झाली. मालकी न हलवता जंगल राखण्याचा हा प्रस्ताव आता सरकारपुढे आहे.