नगरची मुलगी, सयामची मास्तरीण

१८६२ च्या फेब्रुवारीत सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, राजे मोंगकुट यांनी सिंगापुरात शाळा चालवणाऱ्या एका विधवा बाईंना पत्र लिहिले. राजवाड्यातल्या राण्यांना आणि मुलांना इंग्रजी, शास्त्र आणि साहित्य शिकवायचे होते. एक गोष्ट मात्र पत्रात बजावून सांगितली होती: शिकवण्याच्या निमित्ताने धर्मांतराचा उद्योग नको. यापूर्वी अमेरिकन मिशनऱ्यांच्या बायका राजवाड्यात शिकवायला येत, आणि धड्याच्या आडून बायबल आत शिरे. राजेसाहेबांना त्याचा अनुभव होता.

मोंगकुट स्वतः इंग्रजीत कच्चे नव्हते. गादीवर येण्याआधीची २७ वर्षे त्यांनी बौद्ध भिक्खू म्हणून काढली आणि त्या काळात ते परदेशी धर्मोपदेशकांकडून लॅटिन आणि इंग्रजी शिकले. १८६१ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना हत्ती देऊ केले. उत्तर आले अब्राहम लिंकन यांचे: आमच्याकडची हवा हत्तींना मानवणारी नाही, आणि ओझी वाहायला वाफेची यंत्रे आहेत. तेव्हा शेजारचा निम्मा ब्रह्मदेश इंग्रजांनी गिळला होता, सायगावात फ्रेंच उतरले होते. अशा वेळी गादीच्या वारसाला इंग्रजी यायला हवे हा सरळ राजकारणाचा हिशेब होता. ‘द किंग अँड आय’ या सिनेमातल्या हेकट, हास्यास्पद राजाचा या माणसाशी फारसा संबंध नाही.

बाईंचे नाव ॲना लिओनोवेन्स. स्वतःची ओळख त्या ठसक्यात करून देत. जन्म वेल्समधल्या कार्नार्वनचा, साल १८३४, वडील सैन्यात कॅप्टन. नवरा मेजर होता, वाघाच्या शिकारीला गेला आणि ऊन लागून वारला. ही कहाणी जगाने शंभर वर्षे खरी मानली. ती उघडी पाडली एका कोळीतज्ज्ञाने. विल्यम ब्रिस्टो या ब्रिटिश अभ्यासकाला जाळी विणणाऱ्या कोळ्यांचे वेड होते, पण पुढे ॲनाच्या मुलाचे चरित्र लिहिताना त्याने जन्मनोंदी तपासल्या. वेल्समध्ये काहीच सापडेना. सापडले ते मुंबई इलाख्याच्या दप्तरात.

ॲना एडवर्ड्स जन्मली १८३१ च्या नोव्हेंबरात, अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. बाप सॅपर्स अँड मायनर्सच्या पलटणीत सार्जंट, तिच्या जन्माआधीच वारलेला. आईची आई बहुधा हिंदी किंवा मिश्र रक्ताची. लग्न १८४९ च्या नाताळात पुण्यात झाले, थॉमस लिऑन ओवेन्स या कारकुनाशी. त्याच्या नावातले दोन तुकडे सांधून झोकदार आडनाव बनले. नवरा १८५९ मध्ये पेनांगला वारला, तेव्हा तो हॉटेल सांभाळत होता. वाघ-बिघ कुठे नाही.

पुण्याच्या छावणीत सार्जंटाची मुलगी कायम सार्जंटाचीच मुलगी राहिली असती. तिथे कोण कुणाची, आजी कुठली, हे सगळ्यांना ठाऊक असे. दूर पूर्वेला इंग्रजी शिकवणाऱ्या गोऱ्या बाईला असले प्रश्न कुणी विचारत नव्हते, आणि हा फायदा पगाराहून मोठा होता. त्याची किंमतही तिने मोजली: सख्ख्या बहिणीशी, एलायझाशी, तिने संबंध तोडले. त्याच एलायझाचा नातू पुढे बोरिस कार्लोफ या नावाने हॉलिवूडमध्ये फ्रँकेनस्टाइनचा राक्षस म्हणून गाजला.

बँकॉकमध्ये ॲना पाच वर्षे राहिली. राजपुत्र चुलालोंगकोर्न तिचा विद्यार्थी. शिकवणे आटोपले की राजाचा इंग्रजी पत्रव्यवहारही पाहावा लागे. तिच्याच सांगण्यानुसार, सोन क्लिन नावाची राणी ‘अंकल टॉम्स केबिन’ ही गुलामगिरीविरुद्धची कादंबरी वाचून इतकी भारावली, की आपल्या सहीत लेखिकेचे नाव जोडू लागली.

१८६७ मध्ये ती रजेवर गेली. परतण्याची बोलणी चालू असतानाच १८६८ च्या ऑक्टोबरात मोंगकुट वारले. त्यांनी स्वतः गणित मांडून वर्तवलेले खग्रास सूर्यग्रहण पाहायला ते जंगलात गेले होते, तिथे हिवताप जडला. नव्या राजाने, म्हणजे चुलालोंगकोर्नने, तिला आपुलकीचे पत्र पाठवले, परत बोलावले मात्र नाही.

आता न्यूयॉर्क. तिथे शाळा काढून पाहिली, पण नाव झाले ते लेखणीने. ‘अटलांटिक मंथली’त लेख आले, १८७० मध्ये सयामच्या दरबारातल्या दिवसांवर पुस्तक, मग जनानखान्यावर दुसरे. अमेरिकेत गुलामगिरीवरून झालेले यादवी युद्ध नुकतेच संपले होते. जनानखान्यातल्या दासींच्या दुःखाला वाचक आणि श्रोते तयारच होते. बाईंनी मागणी ओळखली आणि हात सैल सोडला. पुस्तकात राजवाड्याखाली तळघरातली अंधारकोठडी आहे; बँकॉकच्या पाणथळ जमिनीत ती कशी टिकली असेल, असे इतिहासकार विचारतात. थायलंडने या पुस्तकांतून उगवलेले ‘द किंग अँड आय’ आणि १९९९ चा ‘ॲना अँड द किंग’ हे दोन्ही चित्रपट बंद ठेवले, ते उगाच नव्हे.

तरी तिला निव्वळ थापाडी म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. १८८१ मध्ये झारच्या हत्येनंतर ती एका अमेरिकन मासिकासाठी रशियात जाऊन आली. कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये १८८७ ला चित्रकला-महाविद्यालय उभे करण्यात तिचा मोठा वाटा होता. ते आजही चालू आहे आणि तिथल्या कलादालनाला तिचे नाव आहे. स्त्रियांच्या मताधिकारासाठीही ती झटली. १९१५ मध्ये ती माँट्रियलला वारली. नगरचे नाव तिने कधी काढले नाही.

मुलगा लुई लहानपणी तिच्याबरोबर राजवाड्यात वावरला होता. १८८० च्या दशकात तो सयामला परतला. चुलालोंगकोर्न यांनी त्याला घोडदळात अधिकारी नेमले, पुढे तो उत्तरेच्या जंगलात सागवानाच्या धंद्यात उतरला. १९०५ मध्ये त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. सयामवर आई आयुष्यभर लिहीत-बोलत राहिली. पैसा केला तो लुईने, लाकडात.