किनारी व खोल समुद्रातील डॉल्फिन : वर्गीकरणाचा इतिहास आणि कोकण किनारा

प्रस्तावना :
गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला जाणारा कोल्हापूरचा पर्यटक समुद्रात दिसणाऱ्या प्रत्येक अशा प्राण्यास ‘डॉल्फिन’ या एकाच नावाने ओळखतो. प्रत्यक्षात किनाऱ्यालगत राहणारे आणि खोल समुद्रात संचार करणारे डॉल्फिन हे भिन्न समूह आहेत. प्रस्तुत लेखात कोकण किनाऱ्यावरील हंपबॅक, म्हणजे पाठीवर कुबड असलेल्या डॉल्फिनच्या संदर्भात हा भेद कसा उलगडत गेला याचा आढावा घेतला असून, वर्गीकरणाचा प्रश्न हा संरक्षणाचाही प्रश्न कसा ठरतो, हे स्पष्ट केले आहे.

नामकरणाचा कालखंड :
स्वीडिश निसर्ग अभ्यासक पेर ऑस्बेक याने चीनच्या किनाऱ्यावर पाहिलेल्या पांढऱ्या डॉल्फिनला 1765 मध्ये ‘चायनेन्सिस’ हे नाव दिले. पुढे 1829 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए याने मलबार किनाऱ्यावरील डॉल्फिनला ‘प्लंबियस’, म्हणजे शिशाच्या रंगाचा, असे नाव दिले. त्या काळी वर्गीकरणाचा आधार त्वचेचा रंग, कवटी व दात एवढाच होता. रंग वयानुसार व प्रदेशानुसार बदलतो आणि संग्रहालयांतील नमुनेही मोजकेच होते. त्यामुळे विसाव्या शतकात अनेक अभ्यासकांनी हे दोन्ही प्रकार ‘सूसा चायनेन्सिस’ या एकाच जातीत गणले.

अधिवासाचा पुरावा :
हंपबॅक डॉल्फिन साधारणतः 25 मीटरपेक्षा कमी खोलीच्या पाण्यात, विशेषतः खाड्यांच्या मुखाशी आढळतो. याउलट स्पिनर डॉल्फिन मोठ्या कळपांनी खोल समुद्रात फिरतो. तथापि केवळ अधिवासावरून निर्णय करता येत नाही. बॉटलनोज डॉल्फिन किनाऱ्यालगतही आढळतो व दूर समुद्रातही. हे दोन समूह एकाच कुळातील शेजारी की स्वतंत्र वंश, याचे उत्तर केवळ निरीक्षणातून मिळणे शक्य नव्हते.

जनुकीय पुरावा :
1987-88 मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बॉटलनोज डॉल्फिन मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडले. ते किनारी समूहातील असतील, तर त्या समूहाची हानी एकूण संख्येच्या हिशेबात झाकली जाण्याचा धोका होता. मातेकडून अपत्याकडे येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा व केंद्रकीय डीएनएचा अभ्यास करून होएल्झेल व सहकाऱ्यांनी 1998 मध्ये वायव्य अटलांटिकमधील किनारी व दूरचे समूह जनुकीयदृष्ट्या वेगळे असल्याचे दाखविले. 2022 मध्ये तेथील किनारी समूहास स्वतंत्र जातीचा दर्जा सुचविण्यात आला.

हंपबॅकच्या बाबतीत प्रश्न किंचित वेगळा होता. किनाऱ्याची अरुंद पट्टी सहसा न सोडणारे प्राणी परस्परांपासूनही तुटत जातात. 2013 मध्ये जनुकीय व कवटीविषयक पुरावे एकत्र तपासण्यात आले. त्यानंतर 2014 मध्ये जेफरसन व रोझेनबाम यांनी या प्रजातीच्या चार जाती मांडल्या. त्यानुसार भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील डॉल्फिन ‘सूसा प्लंबिया’ ठरला. क्युव्हिएने दिलेले नाव 185 वर्षांनी पुन्हा प्रतिष्ठित झाले.

संरक्षणाचा प्रश्न :
आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 2008 साली एकत्रित ‘चायनेन्सिस’ जाती ‘जवळपास संकटग्रस्त’ या तुलनेने सौम्य वर्गात होती. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र मूल्यांकनात मात्र ‘प्लंबिया’ ‘संकटग्रस्त’ ठरली. नाव बदलल्यामुळे संकट निर्माण झाले नाही. एकत्रित गणनेत दडलेले संकट केवळ उघड झाले. मासेमारीची जाळी, प्रदूषण व किनाऱ्यावरील बांधकामे यांचा भार प्रामुख्याने याच उथळ पट्ट्यावर पडतो. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीने डॉल्फिनना संरक्षण दिले आहे. परंतु कायद्याचे छत्र समान असले, तरी सर्व समूहांना असलेला धोका समान नाही. 1987 मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्र अवघे 29 चौ. कि.मी. आहे, डॉल्फिनचा संचार त्या सीमेत मावणारा नाही.

निष्कर्ष :
रंगापासून जनुकापर्यंतच्या या प्रवासातून असे दिसून येते की, वर्गीकरण हे केवळ नावांचे शास्त्र नाही. कोणता समूह किती उरला आहे हे कळण्यासाठी तो समूह प्रथम वेगळा मोजावा लागतो. कोकणच्या खाड्यांतील डॉल्फिनची गणना खोल समुद्रातील डॉल्फिनबरोबर झाली, तर त्यांचा ऱ्हास आकडेवारीत दिसणारच नाही. म्हणूनच किनाऱ्यावर मृत आढळणाऱ्या प्रत्येक डॉल्फिनची जातीनिहाय नोंद आणि ऊतींचा नमुना जपणे, हे किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनाही करता येण्याजोगे कार्य आहे. वनविभागाच्या परवानगीने व सहकार्याने ते हाती घेतले जाणे अगत्याचे आहे.