सरांच्या एका प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर

दहावीत असताना इतिहासाच्या तासाला सरांनी मला उभं करून विचारलं होतं, "अमेरिकेतली शहरं का वाढली?" मी धडाधडा तीन कारणं सांगितली: रेल्वे, कारखाने आणि बाहेरून आलेली माणसं. सर हसले आणि म्हणाले, "बाबू, थे सारं बरोबर हाय. पण मंग आपलं अचलपूर काऊन नाही वाढलं?" मी गप्प खाली बसलो. आज स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर देतो.

शिकागोची लोकसंख्या 1840 साली साडेचार हजारांच्या आत होती. 1890 साली ती अकरा लाखांच्या घरात गेली. त्या वेळी शहरातले तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक स्वतः परदेशातून आलेले, नाहीतर तशा आईबापांच्या पोटी जन्मलेले होते. आयर्लंड, जर्मनी, पोलंड, इटली इथली ही बहुतेक शेतकऱ्यांची मुलं. एक जण जाई, काम पाही आणि मग भावाला बोलावून घेई.

आपल्याकडे हेच मुंबईत झालं. ताडदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी 1856 साली सुरू झाली आणि पुढे गिरण्यांची रांग लागली. रत्नागिरी, सातारा या भागांतून माणसं आली. मुकादम आपल्याच गावाकडच्यांना कामाला लावी. एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत आणि मनीऑर्डर गावी पाठवत. 1921 च्या जनगणनेत मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी 84 जण शहराबाहेर जन्मलेले निघाले.

मग आपलं काय? अचलपूर काही लहान गाव नव्हतं. इमादशाहीची ही राजधानी. शिकागोचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा इथे दरबार भरत होता. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पण मुंबईहून नागपूरला निघालेला लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून गेला. आपण बाजूला राहिलो. 1901 साली अचलपूरची लोकसंख्या 26,082 होती. 1905 साली एलिचपूर जिल्हाच अमरावतीत विलीन झाला, म्हणजे कचेऱ्यांचं महत्त्वही गेलं.

त्यानंतर आपली शकुंतला आली. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर, अरुंद रुळांची. ती किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने बांधली ती मुख्यतः कापूस बाहेर नेण्यासाठी. इथे जिनिंग-प्रेसिंग होई, गाठी बांधल्या जात आणि गाडी त्या घेऊन जाई. जिनिंगचं काम दिवाळीनंतरचे काही महिने चाले. हंगाम संपला की मजूर परत शेतावर. सूत कातणं, कापड विणणं ही बारमाही कामं मुंबईत आणि मँचेस्टरला. माझ्या मते सरांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. नुसता माल आणि रेल्वे असून शहर वाढत नाही. बाराही महिने हाताला काम असेल, तिथेच माणूस बिऱ्हाड करतो.

पुढे विदर्भ मिल उभी राहिली, तेव्हा तसं बारमाही काम काही काळ मिळालं. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या शाळेच्या फीचे पैसे त्या पगारातून आले. 1974 साली तिचं राष्ट्रीयीकरण झालं. नंतर मुंबईचं नाव घेऊन फिनले मिल अचलपूरला आली. 2020 च्या टाळेबंदीत तिचीही यंत्रं थांबली. शकुंतलाही थांबली.

आणि आपण? या स्मरणिकेतले पत्ते पाहा: पुणे, मुंबई, नागपूर, बेंगळुरू, काही तर थेट अमेरिका. नव्या शहरात पहिली खोली कुणी दिली, पहिल्या नोकरीची खबर कुणी दिली, ते आठवा. बहुतेकांना आपलाच कुणी गाववाला आठवेल.

अमेरिकेच्या इतिहासातली एक गोष्ट मात्र सरांनी तेव्हा सांगितली नव्हती. बाहेरून आलेल्यांच्याच त्या देशाने 1882 साली चिनी मजुरांना दार बंद केलं आणि 1924 साली दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घातली. आधी आलेल्यांना मागून येणारे नकोसे झाले होते. आज मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामासाठी परतवाड्याला, अमरावतीला उतरतात. पोरं सोबत, भांडीकुंडी डोक्यावर. त्या पोरांची शाळा तेवढे महिने बुडते. त्यांच्याकडे आपण कसे पाहतो?

मेळाव्यात आपण शाळेसाठी काय करायचं यावर बोलणारच आहोत. माझी सूचना एवढीच, की अशा दहा मुलांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय त्या यादीत पहिली असावी. माझा वाटा मी आजच लिहून देतो.

सर, उत्तर उशिरा दिलं. चुकलं असेल तर मेळाव्यात पुन्हा उभं करा.