नेपानगर : वृत्तपत्री कागदाची वसाहत

ज्या मुलखात फारुकी सुलतानांनी वसविलेले आणि पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झालेले बऱ्हाणपूर आहे, ज्याच्या वाटेवर १६०१ मध्ये अकबराच्या हाती पडलेला असीरगड अद्याप उभा आहे, त्या मुलखात नेपानगर वयाने अगदीच लहान होय. खंडवा-भुसावळ लोहमार्गावरील या गावाला ना सनद, ना वतन, ना तटबंदी. एका कारखान्यासाठी ते वसले आणि कारखान्याचेच ‘नेपा’ हे नाव त्याने धारण केले. तथापि वृत्तपत्री कागद भारतात प्रथम येथे निर्माण झाला, एवढ्या एका कारणास्तव त्याचा इतिहास मला बऱ्हाणपूरच्या इतिहासाइतकाच मोलाचा वाटतो.

स्वातंत्र्यापूर्वी आपली बहुतेक वृत्तपत्रे विलायती कागदावर छापली जात, आणि दुसऱ्या महायुद्धात ती आयात आटताच पृष्ठसंख्येवर सरकारी निर्बंध आले. परक्या देशातील कागदावर अवलंबून असलेले मुद्रणस्वातंत्र्य किती परावलंबी असते, याचा तो प्रत्यक्ष धडा होता. अशा स्थितीत २५ जानेवारी १९४७ रोजी नायर प्रेस सिंडिकेटने ‘नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स’ ही खाजगी कंपनी स्थापन केली. परंतु हा भार खाजगी हातांना पेलण्यासारखा नव्हता, आणि १९४९ च्या ऑक्टोबरात मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने तिचा कारभार आपल्याकडे घेतला. त्या सरकारची राजधानी नागपूर होती, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी ही गिरणी राष्ट्रार्पण केली, तेव्हाही नेपानगरचा निमाड प्रदेश आणि विदर्भ एकाच राज्यात होते; अवघ्या सहा महिन्यांनी, १ नोव्हेंबरास, राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नेपानगर नव्या मध्यप्रदेशात राहिले.

ही गिरणी येथेच का, याचे उत्तर सातपुड्याच्या अरण्यात आहे. युरोप-अमेरिकेत वृत्तपत्री कागद स्प्रूससारख्या सूचिपर्णी वृक्षांपासून होई, आणि तसे वृक्ष आपल्याकडे हिमालयाखेरीज फारसे नाहीत. परंतु खडकाळ उतारांवर विपुल उगवणारी, जिच्या सुगंधी डिंकाचा धूप होतो आणि जिला वैद्यकग्रंथ शल्लकी म्हणतात, ती सालई मऊ लाकडाची असल्याने तिचा लगदा करता येतो, असे प्रयोगांती दिसून आले. सालईचा तंतू आखूड. भरधाव छापयंत्रावर कागद फाटू नये म्हणून तिच्या यांत्रिक लगद्यात बांबूचा रासायनिक लगदा मिसळावा लागे. ज्या झाडाची इमारती लाकडात कोणी गणना करीत नसे, त्याच्यावर देशाच्या वृत्तपत्रसृष्टीची मदार ठेवण्याचे हे धाडस मला आपल्या औद्योगिक इतिहासातील अत्यंत स्वतंत्र बुद्धीचे कृत्य वाटते. मात्र त्यासाठी ज्या अरण्यावर कुऱ्हाड चालली ते कोरकू आणि भिल्लांचे निवासस्थान होते, याचाही विसर पडता कामा नये.

वार्षिक ३०,००० टनांची उत्पादनक्षमता १९६७ मध्ये ७५,००० टनांवर नेण्यात आली, आणि १९८० च्या आसपासपर्यंत या कामी दुसरी गिरणी देशात नव्हती. कागद दुर्मीळ, म्हणून १९६२ च्या नियंत्रण हुकुमाने वृत्तपत्रांना तो कोट्याप्रमाणे मिळे. त्या कोट्यात नेपाच्या कागदाचा वाटा ठरलेला असे.

अमेरिकेतील मेन राज्यात मिलिनॉकेट नावाचे असेच एक छोटे नगर १९०० च्या सुमारास निबिड अरण्यात ग्रेट नॉर्दर्न पेपर कंपनीने उभारले. २००८ मध्ये तेथील गिरणी बंद पडली आणि नगराचा आधारच नाहीसा झाला. नेपानगरावरही तो प्रसंग आला. आयात खुली झाल्यावर स्वस्त परदेशी कागदापुढे गिरणी तोट्यात गेली. लाकूड सोडून रद्दीचा लगदा वापरण्याचा मार्ग तिने स्वीकारला. १ जुलै २०१६ पासून नूतनीकरणासाठी उत्पादन थांबले, आणि ते सहा वर्षांनी, २३ ऑगस्ट २०२२ रोजी, पुनश्च सुरू झाले. एका गिरणीवर पोसलेल्या वसाहतीला सहा वर्षांचा खंड केवढा असतो, हे सोलापूर-गिरणगावच्या वाचकांना सांगावयास नको.

नेपाच्या कागदावर छापलेले अंक मराठी दैनिकांच्या दप्तरांतही असतीलच. त्या दैनिकांनी, गिरणीच्या पहिल्या पिढीतील जे कामगार आज हयात आहेत त्यांच्या आठवणी वेळीच लिहवून घ्याव्यात.