मालाचं जम्बो आपलं का झालं नाही?

मागच्या भागात आपण तासगावची द्राक्षं रीफर कंटेनरमधनं युरोपला कशी जातात ते बोललो. त्यावर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की जहाजाला आठवड्यांवर आठवडे लागतात, मग विमानानं का पाठवत नाहीत? उत्तर एका ओळीत देता येतं, "परवडत नाही म्हणून". पण का परवडत नाही, हे बघायला गेलो आणि थेट १९४९ सालच्या नागपुरात पोचलो. म्हणून आजचा भाग मालवाहू विमानांचा. त्यातही लांब पल्ल्याच्या वाइड-बॉडी विमानांचा, म्हणजे दोन पॅसेजवाल्या रुंद विमानांचा. फक्त यांच्यात खुर्च्याच नसतात, त्यामुळं पॅसेजही नाहीत.

तर नागपूर. १९४९ च्या जानेवारीत आपल्याकडं रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, या चार शहरांतनं रात्री एकेक डाकोटा विमान निघायचं आणि चारही विमानं मध्यरात्रीनंतर नागपूरला उतरायची. तिथं टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं आपापल्या गावी परत. सकाळी मुंबईच्या पोस्टात कलकत्त्याची पत्रं हजर! त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून सरकारनं आणखी एक केलं. साधी पत्रंसुद्धा जादा पैसे न घेता, जिथं जमेल तिथं विमानानं न्यायला सुरुवात केली.

आता हे डिझाइन नीट बघा. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मध्ये एक गाव धरलं की चारात भागतं. शहरं वाढवत गेलात तर हा फरक कुठल्या कुठं जातो. आमच्या धंद्यात नेटवर्क शिकवताना पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात, हब अँड स्पोक. जगात या कल्पनेचं श्रेय सहसा फेडएक्सला देतात. त्यांची सेवा एप्रिल १९७३ मध्ये मेम्फिसहून सुरू झाली, १४ छोटी जेट, २५ शहरं, पहिल्या रात्री १८६ पार्सलं. म्हणजे नागपूरनंतर चोवीस वर्षांनी. अभिमानाच्या फॉरवर्डसाठी हे सांगत नाहीये. डोकं आपल्याकडं होतं, मग पुढं काय झालं ते बघायचंय.

पुढं जेट आली. १९७० साली जम्बो, म्हणजे बोइंग ७४७, प्रवासी घेऊन उडायला लागलं आणि एप्रिल १९७२ मध्ये लुफ्तान्सानं पहिलं मालवाहू ७४७ फ्रँकफर्ट ते न्यूयॉर्क चालवलं. त्याचं नाकच वर उघडायचं आणि समोरनं लांबलचक खोकी आत सरकवता यायची. एअर इंडियाकडंही १९७१ पासून जम्बो होती, पण प्रवासी. मालासाठी एअर इंडियानं मधला मार्ग काढला. १९८८ मध्ये दोन ७४७-३०० 'कॉम्बी' विमानं घेतली. कॉम्बी म्हणजे पुढं माणसं, मागं त्याच मजल्यावर माल, मध्ये भिंत. त्यातल्या एकाचं नाव होतं 'शिवाजी'.

दुर्दैव असं, की कॉम्बीचे दिवस तोवर भरत आले होते. नोव्हेंबर १९८७ मध्ये साउथ आफ्रिकन एअरवेजचं 'हेल्डरबर्ग' नावाचं कॉम्बी तैपेईहून येताना मॉरिशसजवळ समुद्रात पडलं. मागच्या मालाला आग लागली होती. १५९ माणसं गेली. त्यानंतर कॉम्बीच्या मालाच्या भागाचे आगीचे नियम कडक झाले, आणि असं विमान घेणं हळूहळू कमी फायद्याचं होत गेलं. माल न्यायचे मुख्य रस्ते मग दोनच उरत गेले. एक, प्रवासी विमानाच्या पोटात, सामानाशेजारी. दोन, आख्खं विमान मालाचं, म्हणजे फ्रेटर.

इथं एक विट्याचा विषय घेतो, कारण तो राहवत नाही. आपल्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं दुष्काळापायी बाहेर पडली आणि देशभर गलाईच्या भट्ट्या घालून बसली. कुठल्याही शहराच्या सराफ कट्ट्यावर जा, मोडीचं सोनं मुशीत वितळवून शुद्ध करणारा माणूस आपल्याकडचा निघतो. त्यामुळं १९९१ ची गोष्ट आपल्याकडं जरा जास्त लागते. परकीय चलन संपत आलं होतं. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेला गेलं. मग ४ ते १८ जुलै या काळात रिझर्व्ह बँकेनं चार खेपांत ४६.९१ टन सोनं मुंबईहून विमानानं बाहेर धाडलं आणि त्यावर ४०.५ कोटी डॉलर उचलले. विमानतळाकडं जाताना सोन्याच्या एका गाडीचा टायर फुटला आणि पहारेकऱ्यांची धावपळ उडाली, असा किस्सा सांगतात.

मला यातलं गणित आवडतं. सोन्याची घनता १९.३. म्हणजे ४७ टन सोनं जेमतेम अडीच घनमीटर भरतं. छोटा हत्तीच्या हौद्यात रचलं तर मांडीच्या उंचीपर्यंत येईल, पाटे मात्र त्याच क्षणी मोडतील. विमानात माल भरताना हाच प्रश्न असतो, आधी वजन संपणार की जागा? सोन्याचं वजन आधी संपतं, कपड्यांची जागा आधी संपते. म्हणून आंतरराष्ट्रीय हवाई मालात ६,००० घनसेंटिमीटर जागा म्हणजे १ किलो असं धरतात. खरं वजन आणि हे जागेचं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. कुरिअरवाला हलक्या पण मोठ्या खोक्याचे जास्त पैसे का मागतो, ते आता कळलं असेल.

आता पल्ला. "लाँग-रेंज" म्हटलं की वाटतं हे विमान कुठंही जाईल. तसं नसतं. आज सगळीकडं दिसणारं बोइंग ७७७ फ्रेटर घ्या. उडताना त्याचं एकूण वजन जास्तीत जास्त ३४७ टनांच्या आसपास असू शकतं. रिकामं विमान सुमारे १४४ टन. पूर्ण माल भरला की सुमारे १०२ टन. उरले साधारण १०० टन, तेवढंच इंधन. एवढ्यात विमान साधारण ९,२०० किलोमीटर जातं. मुंबई ते फ्रँकफर्ट साडेसहा हजारांच्या आसपास आहे, आरामात होतं. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार. नाही होत. प्रवासी ७७७ तेच अंतर थेट तोडतं, कारण माणसं मालापेक्षा खूप हलकी. म्हणजे भारतातनं अमेरिकेला निघालेल्या भरलेल्या फ्रेटरला मध्ये कुठंतरी उतरावंच लागतं. उतरायचंच आहे तर जिथं इंधन स्वस्त, विमानतळ रात्रभर चालू आणि चारी दिशांचा माल बदलून मिळतो तिथं उतरणार. दुबई, दोहा. नागपुरात १९४९ मध्ये जे चाललं होतं तेच तिथं चाललंय, फक्त नकाशा जगाचा आहे.

दुसरी अडचण कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. रिटर्न लोड. विट्याहून मुंबईला माल गेला आणि गाडी रिकामी परत आली तर भाडं दोन्ही बाजूंचं एकाच मालावर चढतं. विमानाला हे शंभरपट लागू होतं. त्यात १९९० च्या सुमारास सरकारनं मालासाठी 'ओपन स्काय' केलं. कुठल्याही देशाच्या फ्रेटरनं यावं आणि माल न्यावा. निर्यातदारांचा माल विमानतळांवर पडून राहायचा, त्यामुळं माझ्या मते ते योग्यच होतं. पण ज्यांची विमानं आधीच जगभर फिरत होती त्यांना मुंबई हा आणखी एक थांबा झाला. आपल्या कंपनीला मात्र सगळी फेरी शून्यातनं उभी करायची होती.

तरी लोकांनी प्रयत्न केले, आणि हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. जानेवारी २००७ मध्ये एअरबसनं ए३३०-२०० चं फ्रेटर बाजारात आणायचं ठरवलं. वाइड-बॉडी, ७० टनांपर्यंत माल. त्याच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांत एक भारतीय नाव होतं, हैदराबादचं फ्लाइंग्टन फ्रेटर्स. आधी ६ विमानं सांगितली, मग १२. त्यातलं एकही आलं नाही, कंपनी कधी उडालीच नाही. पहिलं विमान २०१० मध्ये अबुधाबीच्या एतिहादला मिळालं. आता फ्लाइंग्टनला हसण्याआधी हेही ऐका, की हे विमान जगभरात मिळून फक्त ३८ खपलं. कदाचित ती ऑर्डर बुडाली तेच बरं झालं असेल.

त्याच सुमारास कॅप्टन गोपीनाथांनी, एअर डेक्कनवाले तेच, 'डेक्कन ३६०' काढली. २००९ मध्ये. हब कुठं? नागपूर! ए३१० फ्रेटर आणि छोटी एटीआर विमानं, रात्री नागपूरला गोळा व्हायचं, माल बदलायचा, सकाळी घरी. साठ वर्षांपूर्वीचं डाकोटांचं वेळापत्रकच, म्हणा ना. २०११ मध्ये बंद. एअर इंडियानंही जुनी ए३१० प्रवासी विमानं फ्रेटर करून घेतली होती, तीही काही वर्षांत गेली. डाकोटा चालल्या कारण टपाल सरकारचं होतं आणि ते रोज रात्री दोन्ही बाजूंनी भरून यायचं. डेक्कन ३६० ला ती खात्री कुणी दिली नव्हती. नागपूर नकाशावर मधोमध आहे हे खरंय, पण विमान नकाशाच्या मध्यासाठी उतरत नाही, मालासाठी उतरतं.

मग आलं २०२०. मार्चमध्ये प्रवासी विमानं थांबली. जगातला जवळपास निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातनं जातो, म्हणजे ती निम्मी जागा एका आठवड्यात गायब. दर काही पटींनी चढले. कंपन्या प्रवासी विमानांच्या खुर्च्यांवर खोकी बांधून नेऊ लागल्या. स्वतःचं मोठं फ्रेटर नसल्याची किंमत तेव्हा कळली, कारण बाकीच्यांची फ्रेटर जिथं जास्त पैसे मिळतील तिथं वळली. त्याच वर्षी सरकारनं परदेशी चार्टर फ्रेटरना सहाच विमानतळ ठेवले: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूरु, हैदराबाद. आपल्या कंपन्यांना वाव मिळावा हा हेतू. यादीत नागपूर नव्हतं.

या धक्क्यानंतर जगभर मोठ्या फ्रेटरची मागणी उसळली. आणखी एक कारण होतं. कार्बनच्या आंतरराष्ट्रीय नियमांमुळं २०२८ पासून जुन्या डिझाइनची विमानं बनवणं अडणार आहे. म्हणून २०२१ मध्ये एअरबसनं ए३५० फ्रेटर जाहीर केलं, १११ टन माल आणि ८,७०० किलोमीटर. सिंगापूर एअरलाइन्सनं ७ घेतली. ३१ जानेवारी २०२२ ला कतार एअरवेजनं बोइंगच्या ७७७-८ फ्रेटरची पक्की ३४ विमानं सांगितली, ११२ टन आणि सुमारे ८,१६७ किलोमीटर. बरोबर वर्षानं, ३१ जानेवारी २०२३ ला, शेवटचं ७४७ ॲटलस एअरच्या हाती गेलं, तेही फ्रेटर. नवी दोन्ही विमानं मात्र ठरलेल्या वेळेच्या मागं पडली आहेत. कंपोझिट आणि नव्या इंजिनांमुळं इंधन वाचतं, पण आकडे परत वाचा. पल्ला वाढलेला नाही. मुंबई–न्यूयॉर्क तरीही होत नाही.

या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत एकही भारतीय कंपनी नाही. पंधरा वर्षांपूर्वी फ्लाइंग्टनच्या निमित्तानं होती. आपल्या कंपन्यांच्या मालवाहू ताफ्यात ठळक दिसतात ती ब्लू डार्टची ७५७ आणि इंडिगोची ए३२१, सगळी एका पॅसेजवाली. देशात आणि शेजारी फिरायला उत्तम, युरोपला भरून जायला नाही.

मग आपल्या शेतमालाचं काय? आंब्याला विमान परवडतं. २००७ मध्ये अमेरिकेनं पुन्हा दार उघडलं, लासलगावला विकिरण करून पेट्या विमानानं गेल्या. किलोचा भावच तसा असतो. डाळिंबाची गोष्ट वेगळी, आणि आटपाडीकरांनी ही नीट ऐकावी. २०२३ मध्ये अमेरिकेसाठी भगव्याची चाचणी खेप विमानानंच गेली होती. त्याच काळात डाळिंब ६० दिवस टिकवायचे प्रयोग चालले होते. ते जमल्यावर २०२५ च्या मार्चमध्ये ४,६२० पेट्या, सुमारे १४ टन, पाच आठवड्यांचा समुद्रप्रवास करून न्यूयॉर्कला उतरल्या. माल चांगला निघाला.

म्हणजे १११ टनांचं विमान यायच्या आधीच आपल्या डाळिंबानं जहाज धरलंय. त्या १४ टनांना विमानात फार तर दोन-तीन पॅलेटची जागा लागली असती. पुढच्या भागात त्या ६० दिवसांचं शास्त्र बघू, कंटेनरमधली हवा कशी बदलतात ते. विट्यातनं किंवा आटपाडीतनं कुणी यात काम करत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, भागात घेईन.