तबकडी, यंत्र आणि मावळचा पाऊस

मावळांत वस्तूंची परीक्षा पाऊस घेतो. तळेगांवाकडून लोणावळ्याकडे यावें तसतसा तो वाढत जातो, आणि घाटमाथ्यावर तर पुस्तकांस बुरा व लोखंडास गंज हें चार महिने ठरलेलेंच. याच पावसाच्या मुलखांत कार्ल्याच्या चैत्यगृहांतील छताच्या लांकडी फांसळ्या सुमारें दोन हजार वर्षें टिकून आहेत. त्या पाहिल्या म्हणजे टिकाऊपणा हा वस्तूचा गुण कीं तिला मिळालेल्या आसऱ्याचा, असा प्रश्न मनांत येतो. गेल्या आश्विनांत हाच प्रश्न अगदीं घरगुती रूपानें आमच्यापुढें उभा राहिला.

पाऊस सरल्यावर लोणावळ्याच्या घरांतील कपाटें रिकामीं केलीं, तेव्हां त्यांतून डी. व्ही. डी. चीं दोन यंत्रें निघालीं. एक जुनें, जड, जाड पत्र्याचें. तें घेतांना घरांत दोन दिवस खल झाला होता. दुसरें कांहीं वर्षांनीं घेतलेलें, इतकें हलकें कीं एका हातानें उचलावें. दोन्ही भंगारांत द्यावींत असें तरुण मंडळींचें मत पडलें. वडील मंडळींनीं एक तरी ठेवावें असा आग्रह धरला. पण कोणतें?

या यंत्राचा इतिहास लहान आहे. त्याचा उदय आणि अस्त दोन्ही एकाच पिढीनें पाहिले. प्रकाशकिरणानें वाचावयाची ध्वनीची तबकडी जपानांत १९८२ सालीं विक्रीस आली. तीवर चित्रपट बसविण्याची व्ही. सी. डी. ची रीत १९९३ सालीं निघाली. परंतु एका चित्रपटास दोन-तीन तबकड्या लागत आणि चित्र मळकट दिसे. १९९६ च्या नोव्हेंबरांत जपानांत डी. व्ही. डी. यंत्रें विकलीं जाऊं लागलीं. तबकडी तीच १२ सेंटिमीटरांची, पण तिच्या रेषा अधिक दाट आणि त्या वाचणारा तांबडा किरण अधिक बारीक. त्यामुळें पहिल्या तबकडीच्या सुमारें सातपट ऐवज तिच्या एका थरांत मावूं लागला. आपल्याकडे व्ही. सी. डी. नें स्वस्ताईच्या बळावर बरींच वर्षें जागा सोडली नाहीं. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीनें व्ही. सी. डी. २८ रुपयांस व डी. व्ही. डी. ३४ रुपयांस विकण्यास आरंभ केला, तेव्हां सहा रुपयांसाठीं जुनें धरून बसण्यांत अर्थ उरला नाहीं. पुढें चित्रपट तारेवाटे व हवेवाटे घरांत येऊं लागले, आणि २०१८ सालीं त्याच कंपनीचें विसर्जन करण्याचा हुकूम न्यायाधिकरणानें दिला. ज्या तबकड्या तिनें घरोघर पोंचविल्या, त्या मात्र घरोघर राहिल्या.

आतां दोन यंत्रांची तुलना. जुन्या यंत्राचा सांगाडा भक्कम. तबकडी आंत घेणारा खण सावकाश, आवाज न करतां सरके. त्याची मोटर थरथरत नसे, म्हणून चित्र स्थिर. नव्याचा सांगाडा पातळ, खण खडखडणारा. केवळ हातानें तोलून पाहणारा मनुष्य जुन्यासच कौल देईल, आणि आम्हीही प्रथम तोच दिला. परंतु यंत्राचा भरंवसा वजनावर ठरत नाहीं. दोहोंचें मर्म एकच: किरण सोडणारें इवलेंसें भिंग. त्यावर दमट हवेचा पापुद्रा वा धूळ बसली कीं यंत्र तबकडी ओळखीत नाहीं. खणाचा रबरी पट्टा सैल पडतो. वीज कमीजास्त झाली कीं आंतील कपॅसिटर फुगतात. ज्या लोणावळ्याच्या धरणांच्या पाण्यावर निघालेली वीज १९१५ पासून मुंबईस जाऊं लागली, त्याच मुलखांतील गांवांनीं भारनियमनाच्या वर्षांत अंधार आणि विजेचे झटके दोन्ही भोगले. तेव्हां येथील यंत्रें लवकर बिघडलीं यांत नवल नाहीं.

खरा फरक बिघाडानंतर दिसतो. जुन्या उंची यंत्राचें भिंग त्याच्याच घडणीचें असे. तें गेलें आणि कारखान्यानें तें करणें बंद केलें, कीं भक्कम सांगाडा नुसता डबा होतो. स्वस्त यंत्रांत एकाच नमुन्याचीं भिंगें अनेक नांवांखालीं बसविलेलीं असत. त्यामुळें तीं दुरुस्तीच्या दुकानांत अल्प किंमतींत मिळत. अर्थात् जुनें यंत्र कमी वेळां आजारी पडे, पण आजार बहुधा शेवटचा. नवें वारंवार पडे, आणि वारंवार उठे. म्हणून जुन्या बाजारांत असें यंत्र घ्यावयाचें झाल्यास आमचा सल्ला एवढाच कीं, चकाकी पाहूं नये. आपली स्वतःची तबकडी बरोबर न्यावी आणि ती शेवटपर्यंत चालते कीं नाहीं तें पाहावें.

‘आपली स्वतःची’ हा शब्द आम्हीं मुद्दाम वापरला. छापील तबकडी आणि घरीं वा छायाचित्रकाराकडे भरलेली तबकडी या दोन भिन्न वस्तू होत. पहिलींत खुणा सांच्यानें उठविलेल्या असतात. दुसरींत त्या रंगद्रव्याच्या थरांत भाजलेल्या असतात, आणि तो थर ऊन व उष्णता यांनीं फिकट होत जातो. आरंभींच्या पुष्कळ यंत्रांस ही दुसरी जात वाचतांच येत नसे. आमच्याकडे दुसरें यंत्र आलें तें याचमुळें: २००५ सालच्या एका लग्नाची तबकडी जड यंत्रानें नाकारली होती. त्या तबकडींत आमच्या आजी जात्यापाशीं बसून हळद दळतांना ओव्या म्हणतात. हा आवाज दुसरीकडे कोठेंच नाहीं.

मुळशी व आसपासच्या तालुक्यांतील स्त्रियांच्या अशा ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वर्षानुवर्षें जमविल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. कागद आणि फीत येथेंच तो थांबला असता तर मूठभर अभ्यासकांपुरता उरता. जुन्या साधनांवरून नव्यांवर वेळींच उतरविला गेला, म्हणून आज तो कोणासही ऐकतां येतो. व्हिडिओ कॅसेटचें यंत्र करणारा शेवटचा जपानी कारखाना २०१६ सालीं थांबला. ज्यांनीं तोंवर आपल्या फिती उतरविल्या नव्हत्या, त्यांस आज जुनें यंत्र हुडकीत फिरावें लागतें. तबकडीची पाळी त्यामागोमाग आहे.

आम्हीं हलक्या यंत्राचें भिंग एका कारागिराकडून बदलून घेतलें. पहिल्या दोन वेळां तबकडी अडखळली. तिसऱ्या वेळीं आजींचा आवाज घरांत आला. ज्यांनीं भंगाराचा सल्ला दिला होता तेच उठून जवळ येऊन बसले. त्याच रात्रीं ती तबकडी दुसरीकडे उतरवून घेतली, आणि मगच कोणतें यंत्र ठेवावें या वादास तोंड फुटलें. निकाल अर्थात् हलक्याच्या बाजूनें लागला.

भाज्यांच्या लेण्यांत एका नर्तकीचें व तिला ताल देणाऱ्या वादकाचें शिल्प आहे. तें पाहावयास यंत्र लागत नाहीं. सुमारें दोन हजार वर्षें डोळे असलेला प्रत्येक मनुष्य तें पाहत आला. परंतु तो ताल कोणता होता, तें कोणासही सांगतां येत नाहीं. आमच्या तबकडीस ताल आहे, आवाज आहे. मात्र तिला दगडाचें आयुष्य नाहीं. म्हणून ज्यांच्या कपाटांत अशी एखादी तबकडी असेल त्यांस आमची विनंति एवढीच: यंत्राची किंमत नंतर ठरवावी, पुढचा पाऊस येण्यापूर्वीं ती एकदां लावून पाहावी.