वहीखात्यांचे वकील : सर रूफस आयझॅक्स

आपली ज्ञाती पूर्वापार व्यापारउदीमावर आणि वहीखात्यावर पोसली गेली आहे. आता आपल्या तरुणांपैकी पुष्कळजण दुकानाची गादी सोडून वकिलीकडे वळतात, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना अभिमान वाटतो तसा किंचित खेदही वाटतो. पिढ्यान्‌पिढ्यांची हिशेबाची विद्या वाया गेली, असे त्यांच्या मनात येते. हा खेद अनाठायी आहे, हे दाखविण्यासाठी एका परदेशी वकिलाचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे. सर रूफस आयझॅक्स म्हणजे पुढे १९२१ ते १९२६ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झालेले लॉर्ड रीडिंग. महात्मा गांधींना १९२२ साली कारावास घडला तो यांच्याच अमदानीत. त्यामुळे आपल्या मनात त्यांच्याविषयी ममत्व असण्याचे कारण नाही. तथापि येथे विचार करावयाचा आहे तो राज्यकर्त्याचा नव्हे, वकिलाचा.

रूफस आयझॅक्स यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६० रोजी लंडनमध्ये एका ज्यू फळव्यापाऱ्याच्या घरी झाला. शाळेत मन रमेना आणि वडिलांच्या धंद्यातही लक्ष लागेना, म्हणून किशोरवयातच ते जहाजावर पोऱ्या म्हणून निघून गेले. त्या सफरीत त्यांनी कलकत्ता पाहिले. परत आल्यावर ते लंडनच्या शेअरबाजारात शिरले. परंतु १८८४ साली देणे भागविता न आल्यामुळे तेथून बाहेर पडण्याची पाळी आली. त्या बाजाराची रीत अशी, की दिवाळे निघालेल्याचे नाव लाकडी हातोडा ठोकून भर बाजारात पुकारावयाचे. तेविशीतल्या तरुणाच्या वाट्याला ही नामुष्की आली. डोक्यावर हजारो पौंडांचे कर्ज होते. देश सोडून पनामाला जाण्याचा त्यांचा बेत होता. परंतु आईने हट्ट धरून त्यांना थांबविले आणि कायद्याच्या अभ्यासाला बसविले. १८८७ साली ते बॅरिस्टर झाले आणि वकिलीत जम बसताच त्यांनी ते जुने कर्ज फेडून टाकले.

बाजारात पोळलेल्या माणसाला बाजाराची भाषा निराळी शिकावी लागत नाही. १८९५ साली लंडनच्या उच्च न्यायालयात व्यापारी दाव्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था झाली आणि आयझॅक्स यांच्यासारख्या वकिलाला जणू अंगणच मोकळे मिळाले. हुंड्या, विमा, जहाजभाडे, भागभांडवल यांच्या गुंतागुंतीत इतर वकील चाचपडत असता, ते आकडे मुखोद्गत करून उभे राहत. पहाटे चारच्या सुमारास उठून कागदपत्रे वाचण्याचा त्यांचा परिपाठ होता. न्यायालयात आवाज चढविणे नाही, साक्षीदाराला दरडावणे नाही. सभ्यपणे एकामागून एक प्रश्न विचारीत ते त्याला त्याच्याच हिशेबात अडकवीत. १८९८ साली त्यांना राणीचे वकील ही पदवी मिळाली.

त्यांच्या या कौशल्याची खरी कसोटी लागली ती व्हिटेकर राइट याच्या खटल्यात. खाणींच्या कंपन्या काढून गबर झालेला हा मनुष्य इतका विलासी होता, की आपल्या जहागिरीतील तळ्याच्या पाण्याखाली त्याने काचेच्या छताचा दिवाणखाना बांधला होता. त्याच्या ‘लंडन अँड ग्लोब’ या मुख्य कंपनीच्या अध्यक्षस्थानी लॉर्ड डफरिन होते, म्हणजे हिंदुस्थानचेच एक माजी व्हाइसरॉय! व्यवहारातले त्यांना काही कळत नव्हते. त्यांचे नाव मात्र लोकांना विश्वास वाटावा म्हणून वापरले गेले. डिसेंबर १९०० मध्ये कंपनी कोसळली, पाठोपाठ शेअरबाजारातील अनेक पेढ्या बुडाल्या आणि सामान्य भागधारक देशोधडीला लागले. सरकारच्या कायदेपंडितांनी खटला भरण्यास नकार दिला. तेव्हा भागधारक व धनको यांनी नेट धरला आणि १९०३ साली न्यायमूर्ती बकली यांच्या हुकमाने कंपनीच्या उरल्यासुरल्या मालमत्तेच्या खर्चाने फिर्याद उभी राहिली. राइट न्यूयॉर्कला पळाला होता. त्याला तेथून धरून आणले. फिर्यादीतर्फे मुख्य वकील होते आयझॅक्स.

खटल्याचे मर्म आपल्या वाचकांस चटकन उमगेल. राइटच्या हाती एकाहून अधिक कंपन्या होत्या आणि त्यांचे ताळेबंद वेगवेगळ्या तारखांना होत. ज्या कंपनीचा ताळेबंद जवळ येई, तिच्या खात्यात दुसऱ्या कंपनीचा पैसा तात्पुरता आणून ठेवावयाचा आणि ‘पाहा आमची शिल्लक!’ म्हणून भागधारकांस दाखवावयाचे. सोयरीक जुळविताना शेजारणीचे दागिने मुलीच्या अंगावर घालावे, त्यातलाच हा प्रकार. १८९९ च्या ताळेबंदात पाच लाख पौंडांहून अधिक रोख दाखविली होती. दागिना खरा होता, पण तो घरचा नव्हता!

जानेवारी १९०४ मध्ये आयझॅक्स यांनी खटल्याचे प्रास्ताविक केले, ते जवळजवळ पाच तास. असंख्य खात्यांचा तो गुंता त्यांनी ज्यूरीतील साध्या नागरिकांना समजेल असा उलगडून दाखविला. उलटतपासणीत राइटच्या तोंडूनच ताळेबंदाचे पितळ उघडे पडले. २६ जानेवारीस त्याला सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि काही मिनिटांतच न्यायालयाच्या इमारतीतील एका खोलीत त्याने विषप्राशन करून जीवनयात्रा संपविली. भागधारकांचे पैसे परत आले नाहीत. परंतु आकडा खरा असूनही मांडणी खोटी असू शकते, आणि अशी मांडणी हा गुन्हा आहे, एवढे त्या खटल्याने सर्वांच्या मनावर ठसविले.

चरित्र येथेच संपविले असते, तर ते गोड वाटले असते; परंतु सत्य अर्धवट सांगणे हा तर याच लेखाचा निषिद्ध विषय! १९१२ साली आयझॅक्स ब्रिटिश सरकारचे ॲटर्नी जनरल होते. साम्राज्यभर बिनतारी संदेशाची केंद्रे उभारण्याचे काम सरकार मार्कोनी कंपनीला देऊ करीत होते आणि त्या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होते त्यांचेच बंधू गॉडफ्रे. त्या एप्रिलमध्ये रूफस यांनी अमेरिकन मार्कोनी कंपनीचे दहा हजार भाग घेतले आणि त्यांतील काही लॉइड जॉर्ज यांच्यासह दोन सहकाऱ्यांना दिले. ऑक्टोबरात पार्लमेंटमध्ये आरोप झाले, तेव्हा त्यांनी इंग्रजी कंपनीच्या भागांचा व्यवहार केल्याचे साफ नाकारले. ते खरेच होते. मात्र अमेरिकन भागांविषयी ते एक अक्षरही बोलले नाहीत. १९१३ च्या आरंभी ती गोष्ट बाहेर आली आणि गदारोळ उठला. अमेरिकन कंपनीला त्या करारातून लाभ नव्हता, असे त्यांचे समर्थन होते. तरीही अखेर त्यांना सभागृहात दिलगिरी व्यक्त करावी लागली. पद गेले नाही, उलट त्याच वर्षी ते इंग्लंडचे सरन्यायाधीश झाले. परंतु तो डाग १९३५ साली मृत्यू येईपर्यंत पुसला गेला नाही.

ज्या पुरुषाने राइटच्या ताळेबंदातील गाळलेली ओळ ज्यूरीला दाखवून दिली, त्याच्याच भाषणातून एक ओळ गळावी, याला काय म्हणावे? बुद्धी दुसऱ्याची वही तपासते. आपली वही तपासण्यास मात्र चारित्र्य लागते. आपल्या वाडवडिलांनी दिवाळीत वहीपूजन केले ते केवळ कागदाचे नव्हे. वहीत जे लिहिले ते पुरे लिहिले, अशी ती वर्षारंभीची शपथ होती. वकिलीकडे वळणाऱ्या आपल्या तरुणांनी आयझॅक्स यांची पहाटेची मेहनत आणि सौम्य वाणी अवश्य उचलावी, आणि दुकानाच्या गादीवरून ती शपथ तेवढी न विसरता बरोबर न्यावी.